रीसेट आणि सीरियल : सूक्ष्मनियंत्रकाच्या दोन दुखण्यांचे निदान

गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी पाहून तळमजल्यावरील पंप चालू अथवा बंद करणारे एक लहानसे यंत्र डोळ्यांसमोर आणावे. त्यात एक सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे रूढ भाषेत मायक्रोकंट्रोलर, बसवलेला आहे. पाणी खाली गेले की तो रीलेला आज्ञा देतो, रीले पंपाचा प्रवाह जोडतो आणि घडलेल्या गोष्टीची नोंद तारांवरून घरातील संगणकाकडे जाते. टेबलावर हे यंत्र आठ दिवस बिनतक्रार चालते. पंपाला जोडल्यावर मात्र रीले एकदा खट्‌ करतो, लगेच सुटतो, क्षणभराने पुन्हा खट्‌ करतो, आणि हा खेळ थांबत नाही. संगणकाच्या पडद्यावर नोंदींऐवजी चौकोन, प्रश्नचिन्हे आणि अर्थहीन अक्षरे उमटू लागतात. हे असेच चालू राहिले तर रीलेचे स्पर्शबिंदू जळतात, आणि वारंवार सुरू होणाऱ्या मोटरीची वेटोळी तापून निकामी होण्याचा धोका असतो.

अशा वेळी नवशिका आधी आपल्या प्रोग्रॅमवर संशय घेतो आणि रात्रभर एकेक ओळ बदलत बसतो. अनुभवी माणूस मात्र प्रथम एकच प्रश्न विचारतो : चिप चुकीचे काम करीत आहे, की ती पुनःपुन्हा नव्याने सुरू होत आहे? दोहोंची बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखी दिसतात. उपाय मात्र सर्वस्वी भिन्न आहेत.

नव्याने सुरू होणे म्हणजेच रीसेट. सूक्ष्मनियंत्रकाला विद्युत्‌ पुरवठा मिळाला म्हणजे त्याच्या आतील नोंदकोशांत प्रारंभी काय असेल याचा काही भरवसा नसतो. म्हणून प्रत्येक चिपला एक रीसेट पिन दिलेली असते. ती पिन विशिष्ट स्थितीत धरली असता सारे कामकाज थांबते. ती सोडली की चिप आपल्या स्मृतीतील ठरलेल्या पत्त्यापासून, बहुधा शून्यापासून, पहिली आज्ञा वाचू लागते. आता ही ‘विशिष्ट स्थिती’ कोणती, याविषयी निर्मात्यांचे एकमत नाही, आणि येथेच कित्येकांची पहिली फसगत होते. इंटेल कंपनीने १९८० साली बाजारात आणलेल्या ८०५१ या चिपची रीसेट पिन उच्च दाबावर नेली असता चिप थांबते. आर्डुइनो मंडलांमुळे घरोघरी पोचलेल्या एटीमेगा३२८पी या चिपचे याच्या नेमके उलट आहे : तिची रीसेट पिन शून्यावर ओढली की ती थांबते. तंत्रनिकेतनात ८०५१ वर हात बसलेला विद्यार्थी जुन्या सवयीने नव्या चिपच्या रीसेट पिनेला रोधकाद्वारे ग्राउंड जोडतो, आणि चिप जन्मभर रीसेटमध्येच राहते. ती जळालेली नसते, बिघडलेली नसते. तिला कोणी उठूच दिलेले नसते.

८०५१ साठी पाठ्यपुस्तकांतून शिकवली जाणारी जोडणी अशी : रीसेट पिन आणि पाच व्होल्टांचा पुरवठा यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा धारित्र, आणि त्याच पिनेपासून ग्राउंडपर्यंत ८.२ किंवा १० किलो-ओहमचा रोधक. पुरवठा सुरू होताच रिकामा धारित्र पिनेला वर ओढतो. तो भरत जाईल तसतशी पिन खाली येते आणि चिप कामाला लागते. योजना साधी आहे, पण तिच्यात एक खोट आहे. वीज क्षणभरच गेली आणि लगेच परतली, तर धारित्राला रिकामे होण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. मग पुरवठा खरोखर खाली जाऊन आलेला असतो, चिपच्या आतील मजकूर विस्कटलेला असतो, पण रीसेट मात्र झालेला नसतो. ज्या गावांत दिवसातून चारदा दिवे लुकलुकतात तेथे हा दोष प्रयोगशाळेपेक्षा लवकर उघडकीस येतो. यावरचा एक जुना, स्वस्त उपाय म्हणजे रोधकाला समांतर एक डायोड असा जोडणे की पुरवठा कोसळताच धारित्रातील भार त्याच्यातून झटकन वाहून जाईल. त्याहून चांगला उपाय म्हणजे पुरवठ्यावर लक्ष ठेवणारी स्वतंत्र रीसेट-चिप वापरणे.

एटीमेगा३२८पी मध्ये हे पहारेकऱ्याचे काम चिपच्या पोटातच सोपवलेले आहे. त्याला ब्राउन-आउट डिटेक्टर म्हणतात. पुरवठा ठरावीक पातळीखाली गेला की तो चिपला रीसेटमध्ये धरून ठेवतो. ही पातळी १.८, २.७ किंवा ४.३ व्होल्ट यांपैकी निवडता येते. आर्डुइनो उनो मंडलावर ती २.७ व्होल्ट ठेवलेली असते. परंतु त्या मंडलावर स्फटिक १६ मेगाहर्ट्‌झचा आहे, आणि निर्मात्याच्या माहितीपत्रकातील आलेख पाहिला तर या वेगाने बिनचूक चालण्याची हमी सुमारे ३.८ व्होल्टांच्या वरच मिळते. म्हणजे ३.८ आणि २.७ यांच्यामधला पट्टा असा आहे की तेथे पहारेकरी झोपलेला आहे आणि घरात काय चालले आहे हे कोणालाच सांगता येत नाही. चिप चालेल, किंवा एखादी आज्ञा चुकीची वाचून भलतीकडे जाईल. पाच व्होल्टांवर चालणाऱ्या, आणि जिच्या हातात पंपासारखे काही आहे अशा यंत्रणेत ही पातळी ४.३ वर नेऊन ठेवणे शहाणपणाचे होय.

आता टाकीच्या यंत्राकडे परत वळू. रीलेच्या वेटोळ्याला प्रवाह मिळाला की तो त्याच पुरवठ्यातून एकाएकी मोठा घोट घेतो, आणि पुरवठा दुबळा असेल तर चिपच्या वाट्याला येणारा दाब क्षणभर कोसळतो. चिप रीसेट होते. रीसेटमध्ये तिच्या सर्व पिना मोकळ्या सुटतात, म्हणून रीलेही सुटतो. भार उतरताच दाब पूर्ववत होतो, चिप पुन्हा पहिल्या आज्ञेपासून सुरू होते, टाकी रिकामी आहे असे तिला दिसते, आणि ती प्रामाणिकपणे रीले पुन्हा ओढते. खट्‌खट्‌ हा आवाज म्हणजे या चक्राचाच नाद. प्रोग्रॅममध्ये येथे काहीच चुकलेले नाही.

साधा मल्टिमीटर मात्र या घटनेविषयी काही सांगत नाही. तो सेकंदातून दोन-तीन वाचने देतो. काही सहस्रांश सेकंद टिकणारी घसरण त्याच्या हिशेबात येतच नाही, आणि तो निवांतपणे ५.० दाखवत राहतो. ऑसिलोस्कोप असेल तर खळगा स्पष्ट दिसतो. नसेल तर एक सोपी परीक्षा आहे : रीले आणि चिप यांना दोन स्वतंत्र पुरवठे द्यावेत, ग्राउंड तेवढे सामाईक ठेवावे. खट्‌खट्‌ थांबली तर आरोपी सापडला. ती थांबली नाही तर संशयाची दिशा बदलते. वेटोळ्याचा प्रवाह तोडताना त्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा उलट दिशेचा मोठा दाब निर्माण करते. त्याला वाट करून देणारा डायोड, ज्यासाठी १एन४००७ सारखा साधा डायोड पुरतो, वेटोळ्याच्या दोन टोकांवर उलटा जोडलेला आहे ना हे पाहावे. चिपच्या पुरवठा-पिनांलगत १०० नॅनोफॅरडचा धारित्र आहे ना, तेही पाहावे. ‘लगत’ या शब्दाला येथे महत्त्व आहे. चार बोटे दूर लावलेला धारित्र नकाशात दिसतो तसाच असतो, पण जलद स्पंदांपुरता तो जवळजवळ नसल्यासारखाच.

एवढे करूनही अवचित रीसेट होत असतील तर रीसेट पिनेकडे जाणारी तार पाहावी. एटीमेगाच्या आत या पिनेला वर धरणारा रोधक असतो खरा, पण त्याचे मूल्य ३० ते ६० किलो-ओहम, म्हणजे पकड सैल. मंडलापासून हातभर दूर बसवलेल्या रीसेट-बटणाची तार शेजारून जाणाऱ्या मोटरीच्या तारेतील खळबळ अँटेनासारखी झेलते, आणि २.५ मायक्रोसेकंदांचा स्पंद या चिपला रीसेट होण्यास पुरेसा होतो. बाहेरून १० किलो-ओहमचा रोधक लावला की पकड घट्ट होते.

चिपने स्वतःच कारण सांगावे अशीही सोय आहे. एटीमेगामध्ये एमसीयूएसआर नावाचा एक नोंदकोश असतो. मागील रीसेट पुरवठा नव्याने आल्यामुळे झाला, बाहेरच्या पिनेमुळे झाला, दाब घसरल्यामुळे झाला की पहारेघड्याळामुळे झाला, हे त्यातील चार बिट सांगतात. प्रोग्रॅमच्या आरंभीच तो वाचून संगणकाकडे पाठवला तर अर्धा तपास तेथेच संपतो. फक्त एक सावधगिरी हवी : मंडलावर आधीपासून असलेला बूटलोडर हा कोश वाचून पुसून टाकत असेल, तर मुख्य प्रोग्रॅमच्या हाती कोरी पाटी येते. कोरी पाटी दिसण्याचे दुसरेही एक कारण असू शकते आणि ते अधिक गंभीर आहे. या चिपची कार्यस्मृती अवघी २०४८ बाइटांची आहे. लांबलचक मजकूर आणि मोठी कोष्टके तिच्यात कोंबली की स्टॅकची जागा उरत नाही, परतीचा पत्ता पुसला जातो, आणि चिप भरकटत अखेरीस शून्य पत्त्यावर येऊन पोचते. बाहेरून हे हुबेहूब रीसेटसारखे दिसते. पण खरा रीसेट झालेलाच नसल्यामुळे कोणताही बिट उमटत नाही. अशा वेळी विद्युत्‌ पुरवठ्याची झाडाझडती घेणे व्यर्थ होय.

पहारेघड्याळ म्हणजे वॉचडॉग हे रीसेटचे कारण असते, पण बहुधा रोगाचे मूळ नसते. प्रोग्रॅमने ठरावीक काळाच्या आत त्याला हाक दिली नाही तर प्रोग्रॅम कोठेतरी अडकला असे समजून ते सर्व यंत्रणा पुन्हा सुरू करते. सूक्ष्मनियंत्रकापेक्षा पुष्कळ मोठ्या संगणकाच्या बाबतीतले, पण याच जातीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांतच अधूनमधून आपणहून रीसेट होऊ लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी पृथ्वीवरील जुळ्या यंत्रणेवर तोच प्रसंग पुन्हा घडवून आणला, तेव्हा उलगडा झाला : हवामानाची मोजमापे करणाऱ्या कनिष्ठ दर्जाच्या कामाने एका सामाईक साधनाचे कुलूप धरून ठेवले होते, मधल्या दर्जाचे काम त्याला पुढे सरकू देत नव्हते, आणि त्या कुलपासाठी ताटकळणारे सर्वांत महत्त्वाचे काम वेळेत पुरे न झाल्यामुळे पहारा ठेवणारी यंत्रणा रीसेट करीत होती. कुलूप धरणाऱ्या कामाला तात्पुरता वरचा दर्जा देणारी सोय त्या प्रणालीत होतीच. ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून संदेश धाडून ती चालू करण्यात आली आणि रीसेट थांबले. पहारेघड्याळ बंद करून लक्षण दडपण्याचा मार्ग तेथे कोणी पत्करला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आर्डुइनोवर पहारेघड्याळाचा एक खास त्रास आहे. त्याने रीसेट केल्यानंतर ते बंद होत नाही, उलट आपल्या सर्वांत लहान अवधीवर, सुमारे १६ सहस्रांश सेकंदांवर, चालूच राहते. जुना बूटलोडर ते वेळीच बंद करीत नसे. परिणामी मंडल रीसेटच्या फेऱ्यात सापडे आणि १३ क्रमांकाच्या पिनेवरील दिवा भराभर लुकलुकत राही. अशा मंडलावर ऑप्टिबूटसारखा नवा बूटलोडर चढवणे हाच खरा इलाज.

दुसरे दुखणे सीरियल संदेशवहनाचे. त्याची पद्धत तारयंत्राच्या काळापासून चालत आलेली आहे. वेगाच्या ‘बॉड’ या एककात फ्रेंच तारयंत्रज्ञ एमिल बोदो याचेच नाव दडलेले आहे. तार मोकळी असताना उच्च पातळीवर असते. अक्षर पाठवायचे झाले की ती एका बिटाच्या अवधीपुरती खाली येते, हा आरंभबिट. मागोमाग आठ बिट, त्यांत कमी मोलाचा पहिल्याने, आणि शेवटी वरच्या पातळीवरचा विरामबिट. ९६०० बॉडला प्रत्येक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. दोन्ही बाजूंना सामाईक घड्याळ नसते; आरंभबिटाची उतरती कड दिसताच ग्राहक आपले घड्याळ लावतो आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर पातळी पाहतो. शेवटचा बिट पाहीपर्यंत साडेनऊ बिटांचा काळ गेलेला असतो, आणि तोवर चूक अर्ध्या बिटाच्या आत राहिली पाहिजे. म्हणजे दोन्ही घड्याळांतील एकूण तफावत जेमतेम पाच टक्के. व्यवहारात प्रत्येकाने दोन टक्क्यांच्या आसपास राहावे.

या एका हिशेबातून पुष्कळ कोडी सुटतात. ८०५१ च्या मंडलांवर ११.०५९२ मेगाहर्ट्‌झ असा विचित्र आकड्याचा स्फटिक का असतो? त्याला ३८४ ने भागले की २८,८०० येतात, आणि त्यांचा तिसरा हिस्सा बरोबर ९६००. त्याऐवजी कोणी १२ मेगाहर्ट्‌झचा ‘गोल’ आकडा निवडला तर भागाकार ३१,२५० येतो आणि त्याचा तिसरा हिस्सा १०,४१७, म्हणजे साडेआठ टक्के चूक. पडद्यावर कचरा ठरलेला. मात्र २४०० बॉडला त्याच स्फटिकाची चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत राहते. म्हणून ‘हळू वेगाने चालते, जलद वेगाने नाही’ या तक्रारीचे खापर दर वेळी तारेवर फोडू नये.

कारखान्यातून आलेली कोरी एटीमेगा३२८पी स्फटिक न वापरता आतल्या आंदोलकावर, आणि तोही आठाने भागून, १ मेगाहर्ट्‌झने चालते. तिच्यावर १६ मेगाहर्ट्‌झ गृहीत धरून तयार केलेला प्रोग्रॅम घातला तर ९६०० ऐवजी ६०० बॉडने अक्षरे बाहेर पडतात. येथे घड्याळ न्याहाळण्यासाठी महागडे साधन नको : दर सेकंदाला लुकलुकण्यास सांगितलेला दिवा सोळा सेकंदांनी लुकलुकला की निदान पक्के. आतला आंदोलक आठ मेगाहर्ट्‌झवर नेला तरी कारखान्यातील जुळणीची हमी १० टक्क्यांपर्यंतच आहे. म्हणून तो कधी चालतो, कधी चालत नाही, आणि उन्हाळ्यात रुसतो.

कचरा दिसणे आणि काहीच न दिसणे यांत भेद करावा. काहीच दिसत नसेल तर आधी तारा पाहाव्यात : एकाची प्रेषक पिन दुसऱ्याच्या ग्राहक पिनेला जोडायची असते, टीएक्सला टीएक्स नव्हे, आणि तिसरी तार, ग्राउंडची, कोणीतरी विसरलेले असते. संगणकाची बाजू निर्दोष आहे की नाही हे ठरवण्यासाठी उनो मंडलाची रीसेट पिन ग्राउंडला जोडून मुख्य चिप गप्प करावी, आणि शून्य व एक क्रमांकाच्या पिना एका तारेने सांधाव्यात. कळफलकावर दाबलेली अक्षरे जशीच्या तशी परत आली तर यूएसबीची चिप, केबल आणि संगणकातील चालक-प्रोग्रॅम यांना संशयातून मुक्त करावे. ऑसिलोस्कोप जवळ असेल तर चिपला ‘यू’ हे रोमन मोठे अक्षर सतत पाठवण्यास सांगावे. त्याचे बिट एकाआड एक असल्यामुळे तारेवर अखंड चौकोनी तरंग दिसतो, आणि ९६०० बॉडला त्याची वारंवारता ४८०० हर्ट्‌झ भरली पाहिजे. जुन्या आरएस-२३२ दाराला चिप थेट जोडली असेल तर वेग अचूक असूनही कचराच येतो, कारण त्या पद्धतीत एक म्हणजे उणे दाब आणि शून्य म्हणजे अधिक दाब. शिवाय ते दाब चिपला मारकही ठरतात. मध्ये मॅक्स२३२ सारखी रूपांतरक चिप हवीच.

अक्षरे बरोबर येतात, पण मधूनच गळतात, ही तिसरी तऱ्हा. १,१५,२०० बॉडला दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक अक्षर येते आणि एटीमेगाच्या अंगभूत कोठारात दोनच मावतात. रंगीत दिव्यांच्या पट्टीला आज्ञा देताना प्रोग्रॅम व्यत्यय-संकेत बंद ठेवतो. ६० दिव्यांना सुमारे १.८ सहस्रांश सेकंद लागतात, आणि तेवढ्यात वीसेक अक्षरे येऊन दारातूनच परत जातात.

रीसेट आणि सीरियल ही दोन दुखणी जेथे एकमेकांत गुंततात तेथे खरा गोंधळ होतो. उनोवर संगणकाच्या सीरियल दाराचा डीटीआर हा संकेत १०० नॅनोफॅरडच्या धारित्रातून रीसेट पिनेकडे नेलेला आहे. प्रोग्रॅम चढवताना बटण दाबावे लागू नये हा हेतू. पण त्यामुळे संगणकाने दार उघडले की मंडल रीसेट होते. आठवडाभर मोजमापे घेत बसलेल्या यंत्राची प्रगती पाहावी म्हणून कोणी पडदा उघडतो आणि पाहण्याच्या कृतीनेच आठवड्याची बेरीज शून्यावर येते. शिवाय पहिला सेकंदभर बूटलोडर ऐकत असतो, त्यामुळे संगणकाने घाईने पाठवलेली पहिली आज्ञा हरवते. मंडलाने ‘तयार’ असे कळवल्यावरच बोलावे, हा शिरस्ता ठेवावा; आणि रीसेट मुळीच नको असेल तर रीसेट पिन व ग्राउंड यांमध्ये १० मायक्रोफॅरडचा धारित्र लावावा. तो काढायला विसरल्यास पुढच्या वेळी नवा प्रोग्रॅम चढत नाही, एवढे लक्षात असावे.

टाकीच्या यंत्राला वेगळा पुरवठा आणि डायोड मिळाल्यावर खट्‌खट्‌ थांबते. पडद्यावरचा बराच कचराही जातो, कारण तो अर्ध्यावर तुटलेल्या अक्षरांचा होता. तरी एक विचित्र तक्रार उरू शकते : वीज जाऊन आली की यंत्र मुके राहते, आणि संगणकाची तार उपसून पुन्हा लावली तरच जागे होते. येथे चिपचा पुरवठा बंद असतानाही संगणकाच्या बाजूची प्रेषक तार उच्च पातळीवरच असते. चिपच्या ग्राहक पिनेतील संरक्षक डायोडमधून तो दाब आत शिरून पुरवठ्याच्या तारेवर पोचतो आणि चिपला अर्धमेल्या अवस्थेत जागे ठेवतो. दाब कधीच पुरेसा खाली न गेल्यामुळे वीज परतल्यावरही ‘नव्याने पुरवठा आला’ असा रीसेट घडत नाही. ग्राहक तारेत एक किलो-ओहमचा रोधक घातला तर ही चोरटी रसद पुष्कळ घटते आणि ४.३ व्होल्टांचा पहारेकरी उरलेले काम करतो. पंपासारख्या ठिकाणी मात्र तारेत ऑप्टोकप्लर बसवून दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने अलग करणे अधिक चांगले, म्हणजे मोटरीकडचा एखादा बिघाड संगणकापर्यंत पोचण्याची वाटही त्याच बरोबर बंद होते.